ज्ञानू विरकरची शेवटची ओवी

"लोकगीताला कवी नसतो, जाई. तेच तर त्याचं सौंदर्य!"

सुबोध हे बोलला तेव्हा त्याच्या हातात साबुदाणा वड्यांची प्लेट होती, आणि ती त्याच्या कडक इस्त्रीच्या झब्ब्यावर उपडी करावी अशी जाईला फार इच्छा झाली. तिने केली नाही. चुकलंच तिचं. तिथेच केली असती तर पुढचं सगळं टळलं असतं, आणि अमेरिकेतल्या बर्फात तिचे पाय गोठले नसते.

झालं होतं ते असं. मराठी मंडळाचा गणेशोत्सव, सिंगापूरच्या एका भाड्याच्या हॉलमध्ये चारशे माणसं, आणि 'रंग मातीचे' नावाचा कार्यक्रम. सांस्कृतिक विभाग सुबोधकडे. वय बावन्न, एका सॉफ्टवेअर कंपनीत मॅनेजर, बिशानला कॉन्डो, तेवीस वर्षं सिंगापुरात. जाई विरकर त्याच्यापेक्षा वीस-एक वर्षांनी लहान. वन-नॉर्थच्या एका प्रयोगशाळेत लोकरीच्या तंतूंवर संशोधन करते आणि आंग मो किओला एका चिनी आजीच्या फ्लॅटमध्ये खोली घेऊन राहते. मंडळात ती पहिल्यांदा गेली तेव्हा सगळ्यांनी विचारलं, "पुण्यात कुठे?" ती म्हणाली, "पुण्यात नाही, म्हसवडजवळ. आम्ही धनगर. वडिलांची मेंढरं आहेत." त्यावर सगळे "अरे वा" म्हणाले आणि पुढे काय विचारावं ते कुणालाच सुचलं नाही. सुबोधला मात्र सुचलं. "म्हणजे तुला ओव्या येत असणार! आम्हाला ऑथेंटिक काहीतरी हवंच होतं."

तिला येत होत्या. त्यातही एक गाणं तिच्या अगदी आतलं. ती नववीत असताना माळावर गारपीट झाली आणि तिच्या वडिलांची मेंढरं एका दुपारी मेली. आई रडली, चुलते रडले. वडील तीन दिवस गप्प बसले आणि चौथ्या दिवशी गाऊ लागले. मेलेल्या प्रत्येक मेंढीचं नाव त्या गाण्यात आहे.

कानी माझी म्होरं व्हती, टिकली तिच्या मागं,
आभाळानं दगुड मारलं कुनाच्या गा रागं?
उठ म्हनलं, उठना गा, वाघर कुनापायी,
मोजाया मी बसलो तवा बोटं सरली न्हाई.

वाघर म्हणजे मेंढरं कोंडायची जाळी. आदल्या दिवशी त्या जाळीत ऐंशी होती. दुसऱ्या दिवशी उरलेली मोजायला हाताची बोटं पुरली.

आणि शेवटी, जिथे गाणं रचणाऱ्याने आपलं नाव सांगायचं असतं, तिथे ही:

नाव माझं ज्ञानू विरकर, मेंढका मानाचा,
मेल्या मेंढरांचा धनी, धनी ह्या गान्याचा.

विरकरांच्या तळावर एक रीत आहे. गाणं कुणीही म्हणावं, कितीही वेळा म्हणावं, पण शेवटची ओवी सोडायची नाही. दुसऱ्याच्या मेंढीच्या कानावरची खूण कापून ती आपल्या कळपात घालण्यासारखंच ते. असं करणाऱ्याला त्यांच्यात चोर म्हणतात, दुसरा शब्द नाही.

सुबोधने नेमकी तीच ओवी कापली. तालमीत ती होती. कार्यक्रमाच्या दिवशी मात्र जाई शेवटच्या ओवीसाठी श्वास घेते न घेते तोच त्याने विंगेतून हाताची कात्री करून दाखवली, पडदा पडला आणि टाळ्या सुरू झाल्या. का? तर प्रत्येक आयटमला चार मिनिटं. शिवाय छापील पत्रिकेत 'पारंपरिक धनगरी गीत', आणि त्याखाली 'संकल्पना व मांडणी : सुबोध'. अहो, माणूस जिवंत आहे! सहासष्ट वर्षांचा, दात शाबूत, व्हॉट्सअ‍ॅपवर रोज सकाळी फुलांचा फोटो पाठवणारा! जाईने हे विचारायला त्याला गाठलं, तेव्हा तो वडा चावत ते सौंदर्याचं वाक्य बोलला.

खरा घाव दुसऱ्या दिवशी बसला. मंडळाने यूट्यूबवर टाकलेला व्हिडिओ कुणीतरी गावात नेऊन तिच्या वडिलांना दाखवला. त्यांचा फोन आला. आवाज बरा झाला म्हणाले, लुगडं चांगलं दिसलं म्हणाले. मग म्हणाले, "जाई, माझं नाव कुठं गेलं गं?"

त्या संध्याकाळी तिने चिनी आजीच्या स्वयंपाकघरातली घासलेली भांडी पुन्हा घासली. आजी दारात उभी राहून बघत होती. शेवटी म्हणाली, "एनफ ला, गर्ल, पॉट ऑलरेडी क्लीन."

डिसेंबरात सुबोधचा फोन आला. आवाजात नुसता गुलाल उधळलेला. अमेरिकेत नेवाडातल्या एका गावात दर जानेवारीत काउबॉय लोकांचा मेळा भरतो. गुरं राखणारी माणसं जमतात आणि स्वतःच्या कविता, गाणी म्हणतात. यंदा त्यांना इतर देशांतले गुराखी, मेंढपाळ हवे होते. त्यांनी यूट्यूबवर तो व्हिडिओ पाहिला आणि मंडळाला बोलावणं धाडलं. जाणार चौघं : सुबोध, त्याची बायको अरुणा, ढोल वाजवणारा रुचिर आणि जाई.

"दादा, मी एका अटीवर येते," जाई म्हणाली. "शेवटची ओवी म्हणायची आणि वडिलांचं नाव छापायचं."

"अगं, अर्थात! त्यात काय सांगायचं?"

आणि तिने विश्वास ठेवला. एवढी शिकलेली मुलगी, कसा ठेवला देव जाणे.

सॉल्ट लेक सिटीच्या विमानतळावर उतरले तेव्हा सुबोधने प्रत्येकाच्या हातात एक लॅमिनेट केलेला कागद ठेवला. पंधरा-पंधरा मिनिटांचे रकाने. 'कॉफी', 'फोटो', 'टॉयलेट', सगळं लिहिलेलं. बर्फाला रकाना नव्हता. गाडी भाड्याने देणाऱ्या मुलीने दोनदा सांगितलं की घाटात बर्फ पडतोय, चाकांना घालायच्या साखळ्या घेऊन जा. सुबोध हसला. "चार तासांचा तर हायवे आहे. सिंगापुरात तेवीस वर्षं गाडी चालवतोय, एक ओरखडा नाही." सिंगापुरात या टोकापासून त्या टोकाला गाडी तासाभरात पोचते आणि थंडी लागते ती फक्त मॉलमधल्या एसीची, हे त्या बिचाऱ्या मुलीला कुठून ठाऊक असणार? साखळ्या राहिल्या तिथेच. डिकीत मात्र अरुणाने मेथीचे ठेपले, भडंग आणि दोन किलो चिवडा कोंबला होता.

पहिले दोन तास बरे गेले. पांढरं माळरान, वर पांढरं आभाळ, मध्ये काळा रस्ता. मग रस्ताही पांढरा झाला. रुचिर मागच्या सीटवर ढोल मांडीवर घेऊन बसला होता, तो म्हणाला, "सुबोधदादा, स्लो घ्या ना प्लीज." सुबोध म्हणाला, "आपण अकरा मिनिटं मागे आहोत."

वेळ जावा म्हणून जाईने फोनवर मेळ्याची पत्रिका उघडली. शनिवार, संध्याकाळी सात. त्यांचं नाव होतं. त्याखाली इंग्रजीत लिहिलं होतं : पारंपरिक, महाराष्ट्र. रचना-संयोजन : सुबोध.

तिच्या तळपायाची आग मस्तकात गेली.

"हे काय आहे?" तिने फोन पुढे त्याच्या नाकाशी धरला.

"अगं, गाडी चालवतोय मी!"

"चालवा. आणि वाचा. तुम्ही म्हणालात, अर्थात. त्यात काय सांगायचं म्हणालात!"

"जाई, त्यांचा फॉर्म होता. कवीच्या रकान्यात मी एकाच माणसाचं नाव टाकलं असतं तर तो ग्रुपचा आयटम राहिला नसता. ग्रँट ग्रुपला आहे. आणि खरं सांगू? तुझे बाबा ग्रेटच आहेत, पण हे त्यांनी लिहिलं म्हणजे... अशी गाणी पिढ्यान्‌पिढ्या चालत येतात गं. ते म्हणतात, इतकंच."

"माझ्या डोळ्यांसमोर मेलीत ती मेंढरं!" जाई ओरडली. "कानी मेली तेव्हा मी तिचं डोकं मांडीवर धरलं होतं. कुठल्या पिढीचं चालत आलंय ते? तुमच्याकडे कुणी चार ओळी खरडल्या तर त्याचं पुस्तक काढता, वर फोटो छापता. आमच्या माणसाने केलं की ते माती, परंपरा, रंग! त्याला बाप नाही?"

"सुबोध, समोर बघ," अरुणा म्हणाली.

तो समोर बघत नव्हता, आरशात जाईकडे बघत होता. गाडी एका वळणावर हळूच बाजूला सरकली, कुणी हाताने ढकलावी इतकी हळू, आणि रस्त्याकडेच्या बर्फात नाक खुपसून थांबली. कुणाला लागलं नाही. रुचिरच्या ढोलाचा एकच ठोका वाजला.

जाई दार उघडून बाहेर पडली. पायात बिशानच्या दुकानातले कॅनव्हासचे बूट, घोट्यापर्यंत बर्फ. थंडीने तोंड बधिर झालं तरी तिची शिव्यांची माळ थांबली नव्हती, आणि त्या शिव्या मानदेशी होत्या. कुंपणापलीकडे गाई उभ्या होत्या. सगळ्यांनी वाऱ्याकडे पाठ केली होती, पाठीवर बर्फाचा थर, माना खाली. गारा पडल्या तेव्हा मेंढरं अशीच उभी होती. ती गप्प झाली आणि तिथेच रडली, रागानेच.

अर्ध्या तासाने एक पिकअप थांबली. त्यातून साठीची एक बाई उतरली. डोक्यावर जुनी हॅट, हातात फावडं. नाव डोना. तिने गाडीची चाकं पाहिली, सुबोधच्या चकचकीत बुटांकडे पाहिलं, आणि स्वतःच्या गाडीतून दोरखंड काढला. गाडी बर्फातून निघाल्यावर म्हणाली, "साखळ्यांशिवाय ही पुढे जायची नाही, इथे कडेलाच राहू दे. मी मेळ्यालाच चाललेय. बसा." सामान पिकअपच्या मागच्या हौद्यात गेलं. पुढे जागा कमी, म्हणून तिघं मागच्या सीटवर दाटीवाटीने आणि जाई डोनाच्या शेजारी.

"तू काय करतेस?" डोनाने विचारलं.

"संशोधन. वडिलांची मेंढरं आहेत."

"मेंढरं!" गाई पाळणाऱ्या डोनाने असं तोंड केलं की जाईला हसूच आलं. "असू दे, कुणीतरी ती पण पाळायला हवीत. किती आहेत?"

किती आहेत. सिंगापुरात चार वर्षं झाली, हा प्रश्न तिला कुणी विचारला नव्हता. ती म्हणाली, "आता साठ. आधी ऐंशी होती. गारपिटीत मेली." आणि मग गाणं, ओवी, कापलेलं नाव, सगळंच बाहेर आलं. सुबोध मागे बसून ऐकत होता आणि त्याला मध्ये बोलायला रकाना नव्हता.

डोनाने वायपर जोरात केला. मग म्हणाली, "आमच्याकडे स्टेजवर चढलं की आधी सांगायचं कविता कुणाची. दुसऱ्याची असेल तर त्याचं नाव, तो कुठल्या रँचवर होता ते. मेला असला तरीही. नाही सांगितलं तर लोक उठून जातात." तिने मागे न वळता विचारलं, "तुमच्याकडे नाही का अशी पद्धत?"

सुबोधने खिशातला लॅमिनेट केलेला कागद काढून वाचायला घेतला.

हॉल लाकडी होता. ओल्या लोकरीचा आणि कॉफीचा वास येत होता. अरुणाने सवयीने पहिल्या रांगेतल्या चार खुर्च्यांवर टिश्यूची पाकिटं ठेवली, सिंगापुरात हॉकर सेंटरमध्ये खायला गेल्यावर टेबल अडवायला ठेवतात तशी. एका दाढीवाल्या काउबॉयने एक पाकीट उचललं, नाक शिंकरलं, आभार मानले आणि खुर्चीत बसला. एरवी जाई पोट धरून हसली असती.

सुबोधने माइक हातात घेण्याच्या आत तिने घेतला. "हे गाणं ज्ञानू विरकर यांचं आहे," ती इंग्रजीत म्हणाली. "ते मेंढपाळ आहेत. जिवंत आहेत. या क्षणी ते कळप घेऊन चिपळूणच्या बाजूला आहेत. मी त्यांची मुलगी." मग अर्थ सांगितला आणि गायली. पहिल्या ओवीपासून शेवटच्या ओवीपर्यंत. रुचिरने ढोल सोडला नाही, सुबोधकडे तर एकदाही पाहिलं नाही. 'धनी ह्या गान्याचा' म्हटलं आणि ती थांबली. लोकांनी लगेच टाळ्या वाजवल्या नाहीत. आधी हॅटी काढल्या. डोना मागच्या रांगेतून ओरडली, "वन्स मोअर द नेम!" आणि जाईने वडिलांचं नाव पुन्हा सांगितलं.

हॉलमधूनच तिने फोन लावला. तिकडे सकाळ होती, मागे मेंढरांचा गलका.

"शेवटची म्हनलीस?"

"म्हणले, आबा. दोनदा."

"मग झालं. ठेव आता, कळप हलवायचाय."

इथे संपलं असतं तर किती बरं होतं! पण सिंगापूरला परतल्यावर आठवडा गेला नाही तोच मंडळाच्या ग्रुपवर सुबोधने मेळ्याचा व्हिडिओ टाकला. 'सातासमुद्रापार आपल्या लोककलेचा झेंडा!' चार मिनिटं बरोबर. सुरुवातीचं निवेदन नाही, शेवटची ओवी नाही. जाईने फोन केला तर म्हणाला, "अगं, फाइल मोठी होत होती." पाडव्याला सत्कार ठेवलाय, तेव्हा सगळं नीट करू म्हणाला.

पाडव्याच्या दिवशी हॉलच्या दारात पत्रिका वाटत होते. गणपतीचीच जुनी फाइल वापरलेली, तारीख तेवढी बदललेली. पारंपरिक धनगरी गीत. संकल्पना व मांडणी : सुबोध.

जाईने ती दोनदा वाचली. अरुणा बाजूलाच उभी होती. तिनेही वाचली, आणि तिचं तोंड उतरलं.

"जाई, मी त्याला सांगितलं होतं गं. शपथ."

"वहिनी, एक काम करा," जाई म्हणाली. तिने वडिलांना व्हिडिओ कॉल लावला आणि फोन अरुणाच्या हातात दिला. "पहिल्या रांगेत बसा. हा स्टेजकडे धरून ठेवा. बंद करायचा नाही."

संध्याकाळचे सहा वाजले होते. फोनच्या पडद्यावर तिकडची दुपार, करवंदीच्या जाळीखाली बसलेले ज्ञानू विरकर, डोक्याला मुंडासं, एक डोळा कळपावर. स्टेजवर सुबोधने पंधरा मिनिटं बर्फाचं वर्णन केलं. आपण त्या हिमवादळात कसे डगमगलो नाही, काउबॉय लोकांनी कशा हॅटी काढल्या. डोनाच्या दोरखंडाचा उल्लेख आला नाही. मग त्याने जाईच्या खांद्यावर शाल घातली, हातात नारळ दिला आणि म्हणाला, "आता तेच गाणं! जाई, चार मिनिटं हं."

जाईने शाल काढली आणि खुर्चीवर ठेवली. वर नारळ ठेवला. माइक हातात घेतला. ढोलाची वाट पाहिली नाही.

नाव माझं ज्ञानू विरकर, मेंढका मानाचा,
मेल्या मेंढरांचा धनी, धनी ह्या गान्याचा.

एवढंच म्हणून ती थांबली.

"झालं," ती म्हणाली. "माझ्या वडिलांचं एवढंच. बाकीचं पारंपरिक आहे ना, दादा? ते तुम्ही म्हणा." आणि तिने माइक सुबोधच्या हातात दिला.

चारशे माणसं त्याच्याकडे बघत होती. सुबोध हसला, घसा खाकरला, रुचिरकडे पाहिलं. रुचिरने दोन्ही हात ढोलावर पालथे ठेवले होते. सप्टेंबरपासून हे गाणं तो सगळ्यांना दाखवत फिरत होता, आणि त्याला पहिली ओळसुद्धा पाठ नव्हती.

जाई पायऱ्या उतरून खाली आली. तेवढ्यात अरुणाच्या हातातल्या फोनमधून खणखणीत आवाज आला.

"आगं जाई, थांबलं का? माझं तर म्हनून झालं. आता मेंढरांचं कोन म्हनतंय?"

अरुणाने फोन तसाच धरून ठेवला. हॉलमधल्या बाकी कुणालाच ते येत नव्हतं.